जांभळा अभ्रा परत तपासा: सीबीआय आणि हैदराबादच्या सीडीएफडी या सरकारी डीएनए लॅबला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक, सीबीआय, नवी दिल्ली
मा. संचालक, सीडीएफडी, हैदराबाद

विषय: आरुषी-हेमराज खून प्रकरण, मुद्देमालातले दोन उशांचे अभ्रे

स.न.वि.वि.

विषय वाचूनच तुम्ही म्हणाल की आलं परत तेच. नोएडाचं जलवायू विहार, मे २००८, त्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले, चॅनेलवाल्यांनी डमी बाहुल्या घेऊन खून कसा झाला ते "करून" दाखवलं, आता अजून काय राहिलंय. पण मला खून कोणी केला यावर माझी थिअरी सांगायचीच नाहीये, त्या थिअऱ्यांचा तर देशात आधीच पूर आलेला आहे, नाक्यावरच्या चहावाल्यापासून रिटायर्ड डीआयजीपर्यंत प्रत्येकाकडे एक आहे. मला फक्त एका कापडाच्या तुकड्याबद्दल विचारायचंय. जांभळ्या रंगाचा अभ्रा. तो आणि त्याच्या जोडीचा रंगीबेरंगी अभ्रा कुठल्या तरी मालखान्यात किंवा लॅबच्या स्टोअरमध्ये पाकिटात पडलेले असणार, ते परत तपासा एवढंच.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थायरॉइड, शुगर, तुमच्यासारखं मोठं काही नाही. पण सॅम्पल, लेबल, रिपोर्ट या तीन गोष्टींत माझा दिवस जातो आणि म्हणूनच या केसमधलं हे प्रकरण वाचून मी गार पडलो, तुम्ही त्यावर जे उत्तर दिलंत तसं उत्तर मी आमच्या मॅडमना दिलं असतं तर त्यांनी मला उभ्या उभ्या हाकललं असतं.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १५-१६ मे २००८ च्या रात्री आरुषी, वय १३, आठवडाभरात १४ वर्षं पूर्ण करणार होती, तिच्या खोलीत खून. घरातला नेपाळी नोकर हेमराज गायब, म्हणून यूपी पोलिसांनी त्यालाच खुनी ठरवलं आणि त्याच्यावर २० हजारांचं बक्षीस लावलं. १७ तारखेला गच्चीच्या दाराचं कुलूप तोडलं तर हेमराज तिथेच, मेलेला. म्हणजे ज्याला शोधायला पोलीस बाहेर धावले तो दीड दिवस डोक्यावरच पडून होता, दारावर रक्ताचे डाग होते ते लोक दाखवत होते तरी कुलूप तोडायचं कोणाला सुचलं नाही. तोपर्यंत घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार, फोटोग्राफर सगळे फिरून गेलेले. जागा सील करणे हा प्रकारच झाला नाही. मग २३ मेला वडिलांना, डॉ. राजेश तलवारांना, अटक झाली आणि आयजी साहेबांनी जी प्रेस कॉन्फरन्स घेतली तिच्यात त्यांनी मुलीचं नावही चुकीचं घेतलं, श्रुती म्हणाले. तेरा वर्षांच्या खून झालेल्या पोरीचं नावसुद्धा नीट घ्यायचं नाही आणि तिच्या चारित्र्यावर मात्र देशाला ऐकू जाईल असं बोलायचं. असो, तो राग वेगळा.

पुढे केस सीबीआयकडे आली. पहिल्या टीमने वडिलांऐवजी तीन नोकर मंडळींवर संशय घेतला, त्यातला एक तलवारांच्या क्लिनिकमधला कंपाउंडर. नार्को झाली, खुकरी जप्त झाली, पण चार्जशीट काही दाखल झालं नाही आणि तिघे सुटले. मग २००९ मध्ये टीम बदलली आणि संशयाचा काटा परत आई-वडिलांकडे फिरला, खुकरी मागे पडून गोल्फ स्टिक आणि सर्जिकल ब्लेड पुढे आलं. ब्लेड तर कधी सापडलंच नाही आणि गोल्फ स्टिकवर रक्त नव्हतं. डिसेंबर २०१० मध्ये तुम्हीच क्लोजर रिपोर्ट दिला की पुरेसा पुरावा नाही, आणि त्यातच वडिलांवर संशय असल्याचंही लिहून ठेवलं. गाझियाबादच्या कोर्टाने फेब्रुवारी २०११ मध्ये तो रिपोर्ट नाकारून दोघा आई-वडिलांवर खटला चालवायला घेतला, नोव्हेंबर २०१३ मध्ये जन्मठेप, आणि १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने दोघांना निर्दोष सोडलं. त्यातल्या एका न्यायमूर्तींनी तर खालच्या कोर्टाच्या जजसाहेबांना गणिताचे मास्तर आणि सिनेमाचे डायरेक्टर यांच्या पंगतीत बसवलं. तुम्ही २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात अपील केलं, हेमराजच्या बायकोने तर त्याच्या आधीच केलं होतं.

आता अभ्रा. पहिल्या टीमने त्या कंपाउंडरच्या खोलीतून, म्हणजे तलवारांच्या फ्लॅटमधून नाही तर बाहेरच्या वेगळ्याच ठिकाणाहून, एक जांभळा अभ्रा जप्त केला होता. हेमराजच्या खोलीतून एक रंगीबेरंगी अभ्र्याची उशी जप्त केली होती. दोन्ही इतर सामानाबरोबर हैदराबादला सीडीएफडीकडे गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये रिपोर्ट आला आणि त्यात लिहिलेलं होतं की जांभळ्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए मिळाला.

नीट वाचा. हेमराजचा डीएनए, रक्त लागलेल्या कापडावर, तिसऱ्याच माणसाच्या खोलीतल्या अभ्र्यावर. हे खरं असेल तर पूर्ण केस एका क्षणात फिरते. मी असं म्हणत नाहीये की तेवढ्यावर तो कंपाउंडर खुनी ठरतो, अजिबात नाही, अभ्रा तिथे कसा आला, कोणी नेला, जप्तीच्या वेळी सामान एकत्र बांधलं होतं का, हे सगळे प्रश्न उरतातच, आणि त्या माणसावर कधी आरोपपत्रही ठेवलं गेलेलं नाही हे लक्षात ठेवायला पाहिजे. पण एवढी मोठी गोष्ट रिपोर्टमध्ये होती आणि दोन वर्षांहून जास्त काळ त्यावर कोणी बोललंच नाही. क्लोजर रिपोर्ट लिहिताना कोणाच्या डोळ्याला ती ओळ दिसली नाही? की दिसली?

तलवारांच्या बाजूने ही ओळ शोधून काढली आणि मुद्दा कोर्टात आणला तेव्हा मार्च २०११ मध्ये तपास अधिकाऱ्याने सीडीएफडीला पत्र लिहिलं आणि सीडीएफडीकडून उत्तर आलं की ती टायपिंगची चूक आहे, झेड-१४ आणि झेड-२०, म्हणजे या दोन अभ्र्यांचे नंबर, यांचं वर्णन एकमेकांच्या जागी पडलं, हेमराजचा डीएनए हेमराजच्याच उशीवर मिळाला होता. झालं. हेमराजच्या उशीवर हेमराजचा डीएनए, त्यात काय विशेष, पुढे चला.

आता हे उत्तर खरंही असू शकतं. मी हे मनापासून म्हणतोय, लॅबमध्ये काम करणारा कोणीही सांगेल की मशीन क्वचित चुकतं, चुका होतात त्या सॅम्पल घेताना, लेबल लावताना आणि रिपोर्ट टाइप करताना. दोन पेशंटची नावं सारखी असतील तर रिपोर्ट इकडचा तिकडे जायला वेळ लागत नाही. पण चूक झाली "असेल" आणि चूक झाली "आहे" यातला फरक ठरवायचा कसा? आमच्याकडे डॉक्टरांचा फोन आला की अहो या पेशंटचं हिमोग्लोबिन ४ कसं येईल तो तर चालत आलाय, तर आम्ही पत्र लिहीत नाही. आम्ही ट्यूब काढतो, बारकोड बघतो, रजिस्टरमध्ये कोणत्या वेळी कोणी लावली ते बघतो आणि सॅम्पल रिपीट लावतो. तेच सॅम्पल कमी पडलं तर पेशंटला परत बोलावतो. आणि रिपीट रिपोर्ट निघेपर्यंत पहिला रिपोर्ट चूक होता असं कोणी छातीठोक सांगत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या टेस्टला आम्ही हे करतो.

तुमच्याकडे तर दोन खुनांची केस होती आणि कापड जागेवर होतं. एक अभ्रा जांभळा, दुसरा रंगीबेरंगी, आंधळ्या माणसालाही सांगता येईल असं नाही म्हणत, पण ज्याला रंग दिसतो त्याला नक्की सांगता येईल. दोन्ही पाकिटं कोर्टासमोर उघडायची, कापलेला भाग कुठला ते बघायचं, परत एक तुकडा कापायचा, परत डीएनए काढायचा. कोरड्या कापडावरचं रक्त नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि त्यातून डीएनए निघतो हे तुम्हाला मी काय सांगायचं, ते तर तुमचं रोजचं काम आहे. जांभळ्यावर हेमराज नाही निघाला तर टायपिंगची चूक सिद्ध, विषय कायमचा बंद, तुमच्यावरचा डाग गेला. निघाला तर मग सगळ्यांनाच नव्याने बसून विचार करावा लागेल. यात तोटा कोणाचा होता? सत्य हवं असलेल्या कोणाचाच नाही. पण टेस्टऐवजी पत्र आलं आणि पत्रावर काम भागलं.

बरं नुसतं पत्रच द्यायचं होतं तरी त्याच्यासोबत वर्कशीट का नाही दिली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. वस्तू उघडली की टेक्निशियन त्याच्या हाताने लिहितो, अमुक रंगाचं कापड, अमुक ठिकाणी डाग, एवढा तुकडा कापला. मग एक्स्ट्रॅक्शनचं, म्हणजे कापडातून डीएनए काढल्याचं, रजिस्टर असतं, मशीनच्या रनचा लॉग असतो, त्यात प्रत्येक वस्तूचा नंबर असतो, आणि शेवटी तो पीक्सचा ग्राफ निघतो, इलेक्ट्रोफेरोग्राम. टायपिंगची चूक ही शेवटच्या पायरीवरची चूक आहे, तिच्या आधीच्या चार पायऱ्यांवर बरोबर माहिती लिहिलेली असणारच ना. ती समोर ठेवली असती तर माझ्यासारख्याला हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

आणि उशीची गोष्ट एवढ्यावर संपत नाही, हा सगळ्यात कमाल भाग आहे. दुसरी उशी, हेमराजच्या खोलीतली रंगीबेरंगी, तिची जागाही बदलली. सीबीआयकडून कोर्टात सांगितलं गेलं की हेमराजचा डीएनए आरुषीच्या खोलीतल्या उशीवर मिळाला. याचा अर्थ किती मोठा होतो बघा, हेमराज तिच्या खोलीत होता, तिथेच दोघांना मारलं, नंतर त्याला ओढत गच्चीवर नेलं, ही संपूर्ण कथा त्या एका उशीवर उभी राहते. गांधीनगरच्या एका तज्ज्ञांनी २००९ मध्ये घटनास्थळाचं जे रिकन्स्ट्रक्शन लिहिलं त्यातही हेच धरून चाललेलं होतं की हेमराजचं रक्त तिच्या खोलीत आहे, कारण त्यांना माहितीच तशी दिलेली. मग खटल्यात उलटतपासणीच्या वेळी पाकीट उघडलं गेलं आणि आत कापडाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं निघालं की ही उशी नोकराच्या खोलीतून घेतलेली आहे. चिठ्ठी तिथेच होती, सगळा वेळ, पाकिटाच्या आत, कोणीतरी जप्तीच्या दिवशी नीट लिहून बांधलेली. ती लिहिणारा शिपाई की हवालदार की कोण असेल त्याला माझा सलाम, त्याने त्याचं काम केलं होतं, वर बसलेल्यांनी ते वाचलं नाही. हायकोर्टाने २०१७ च्या निकालात स्पष्ट म्हटलं की आरुषीच्या खोलीत हेमराजचं रक्त सापडलेलं नाही.

म्हणजे एका केसमध्ये दोन उशा, आणि दोन्हींच्या बाबतीत वाद एकच, की ती कुठून आली. डीएनए बरोबर की चूक हा वादच नाहीये! लोकांना वाटतं फॉरेन्सिकचा वाद म्हणजे काहीतरी मोठं सायन्स असेल, मायक्रोस्कोप आणि पांढरे कोट. इथे सायन्सने त्याचं काम केलेलं दिसतंय, घोळ घातलाय तो चिठ्ठीने आणि टायपिंगने, किंवा चिठ्ठीच्या आणि टायपिंगच्या नावावर कोणी दुसऱ्याने, ते मला माहीत नाही.

आणि ही दोनच उदाहरणं असती तरी एक वेळ समजून घेतलं असतं. त्या मुलीचे म्हणून पाठवलेले स्वॅब, म्हणजे कापसाच्या बोळ्यावर घेतलेले नमुने, तिच्या डीएनएशी जुळेनात, ते कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचे निघाले, आणि ते कसे बदलले, कोणी बदलले याचं उत्तर कोणी दिलं नाही. डायनिंग टेबलवरच्या व्हिस्कीच्या बाटलीवर दोघांचं रक्त होतं आणि बोटांचे ठसे होते पण ते कोणाचे ते ठरलं नाही. गच्चीच्या भिंतीवर रक्ताने भरलेला हाताचा पंजा होता, भिंतीचा तुकडा कापून नेला, तो पंजा कोणाचा तेही नाही ठरलं. मी यातलं प्रत्येक उकरून काढत बसणार नाही, पत्र लांबेल आणि तुम्ही वाचणार नाही. पण या सगळ्यांत अभ्र्याचा प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर आजही मिळू शकतं, म्हणून त्यालाच धरून बसलोय.

तुम्ही म्हणाल एवढ्या वर्षांनी परत टेस्ट करून काय मिळणार. जर्मनीचं उदाहरण सांगतो, तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतीलच. तिथे एका बाईचा डीएनए वर्षानुवर्षं चाळीसेक गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळत होता, जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, चोरीपासून खुनापर्यंत, २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला तिथेही तीच बाई. तीन लाख युरोचं बक्षीस लावलं. मग २००९ मध्ये एका पुरुषाची ओळख पटवताना त्याच्या कागदपत्रांवर पण त्याच बाईचा डीएनए निघाला, हे शक्यच नव्हतं, म्हणून कोणीतरी दुसऱ्या स्वॅबने परत टेस्ट केली तर ती बाई गायब. ती गुन्हेगार नव्हतीच, पोलीस नमुने घ्यायला जे कापसाचे बोळे वापरत होते ते पॅक करणाऱ्या कारखान्यातली कामगार होती, तिचा डीएनए बोळ्यांवरच लागलेला होता. जर्मन पोलिसांचं जगभर हसं झालं, पण त्यांनी ते स्वतः उघड केलं. "कंपनीने कळवलंय की बोळे बरोबर आहेत" असं पत्र घेऊन ते बसले असते तर आजही त्या बाईला शोधत फिरले असते.

आपल्याकडे कायदा आता सुधारलाय हे मान्य. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात सात वर्षं किंवा त्यावर शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं आणि व्हिडिओ करायचा, राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांची मुदत. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये डीएनए सॅम्पलबद्दल सगळ्या पोलिसांना सांगितलंय की ४८ तासांत लॅबला पोचवा, कोणाकडून कोणाकडे गेलं त्याचं रजिस्टर शेवटपर्यंत ठेवा आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडू नका, परत सील करू नका. वाचताना वाटलं की यातली प्रत्येक ओळ नोएडाच्या केसकडे बघून लिहिलीये की काय. पण रिपोर्ट आल्यानंतर लॅब म्हणाली की आमची टायपिंगची चूक झाली तर काय करायचं, यावर मला कुठे काही स्पष्ट दिसलं नाही, आणि तिथेच तर गाडी अडली होती. माझं म्हणणं आहे की अशा वेळी दुरुस्तीचं पत्र ग्राह्यच धरू नये, जोपर्यंत त्याच्यासोबत मूळ वर्कशीट, ग्राफ आणि फेरतपासणीचा रिपोर्ट नाही, आणि फेरतपासणी दुसऱ्या लॅबमध्ये. आणि तसं पत्र मागायला तपास अधिकाऱ्याने लॅबला परस्पर लिहू नये, कोर्टामार्फत लिहावं, दोन्ही बाजूंच्या वकिलांना कॉपी द्यावी. तपास करणारा माणूस लॅबला विचारतो की तुमची अशी चूक झाली का, आणि लॅब सांगते हो तशीच झाली, याला तुम्ही काहीही नाव द्या, फॉरेन्सिक म्हणू नका.

काही लोक विचारतील की तुला तलवारांचा एवढा पुळका का. मला त्यांचा पुळका नाही, ते मला भेटले तर काय बोलायचं तेही कळणार नाही. हायकोर्टाने त्यांना सोडलंय आणि तोवर त्यांची जवळजवळ चार वर्षं डासनाच्या जेलमध्ये गेली, त्यावर मी काय बोलणार. मला जास्त टोचतं ते हेमराजचं. आधी त्याला खुनी ठरवलं, मग त्याच्या नावावर कथा रचल्या, आणि त्याचं रक्त, जे त्याच्या बाजूने बोलू शकणारं शेवटचं काही होतं, ते कुठल्या अभ्र्यावर होतं एवढंही आपल्याला धड सांगता येत नाही. चॅनेलवर दिवसरात्र आरुषी चालली, हेमराजचं कोणी नाव घेतलं तर ते संशयासाठीच. त्याच्या बायकोने नेपाळहून येऊन सुप्रीम कोर्टापर्यंत जायचं म्हणजे काय असतं याची कल्पना करा.

तर सीबीआयच्या संचालक साहेबांना विनंती अशी की झेड-१४ आणि झेड-२० सध्या कुठे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, सील शेवटचं कधी आणि कोणाच्या सहीने उघडलं, हे आधी लेखी जाहीर करा. हरवले असतील तर तेही सांगा, ते ऐकायची आमची तयारी आहे, त्यात नवीन काय. असतील तर कोर्टाची परवानगी घेऊन दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ समोर बसवून फेरतपासणीला द्या. आणि सीडीएफडीच्या संचालकांना विनंती की २००८ च्या त्या तपासणीची हाताने लिहिलेली वर्कशीट, एक्स्ट्रॅक्शनचं रजिस्टर आणि दोन्ही वस्तूंचे ग्राफ कोर्टात सादर करा, टायपिंगचा कागद नको, तो आम्ही वाचलाय.

उत्तर पोस्टाने पाठवलंत तरी चालेल, पण जाहीर दिलंत तर बरं, कारण प्रश्न माझ्या एकट्याचा नाहीये.

आपला,
एक लॅब टेक्निशियन